उन्हात ठेवलेली वडी

गोव्यातल्या शिरगावच्या जत्रेला एकच दिवस उरला होता, आणि गौरवीने व्रत धरलेल्या सासऱ्यांना कदाचित जनावराची हाडं खाऊ घातली होती.

सासरे गुरुदास एकतीस वर्षं लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त. जत्रेच्या रात्री वेताची काठी घेऊन होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जायचं, आणि त्याआधी कडक व्रत; ते मोडलं तर निखारे भाजतात अशी श्रद्धा. न्हाऊन केलेलं शाकाहारी जेवण, घरात मासळीचा वासही नको. नव्या सुनेची हौस दांडगी! काल तिने आंब्याच्या रसाच्या वड्या थापल्या. सासऱ्यांनी चार खाल्ल्या, वर “बरी जाल्या गो” म्हणून कौतुकही केलं.

वडी घट्ट करायची पूड केकच्या क्लासवाल्या सिद्धीने दिलेली. सकाळी तेच कौतुक सांगायला गौरवीने फोन लावला, तर सिद्धीच गडबडली.

“व्रताच्या मनशाक दिलें? अगो, म्हजेकडेन दोन पिठां आसात. चायना ग्रास शेवाळाची, ती मोरजेच्या दर्यार येवपी वीगन फॉरेनरय खातात. दुसरें जिलेटिन, हाडां-कातडीचें. तुका खंयचें दिलें, याद ना गो.”

गौरवीने घाईने विचारलं, “आतां?”

“एक वडी उन्हांत दवर. चायना ग्रास तशीच रावता. जिलेटिनाचें उदक जाता.”

फ्रिजमधली उरलेली वडी बशीत घालून ती उन्हात पायरीवर बसली. पाच मिनिटं झाली, कोपरे जागच्या जागी होते. तिने लईराईला हात जोडले. मग एक कोपरा चमकला. फ्रिजचा ओलावा असेल, तिने मनाला सांगितलं. भित्र्या मनाला सबबी भराभर सुचतात. थोड्याच वेळात बशीत नुसतं पिवळं पाणी होतं.

गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. पण निखाऱ्यांवर पाय तिचे पडणार नव्हते.

गुरुदास अंगणात काठीला लोकरीचे गोंडे बांधत होते. तिने रडत रडत सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली.

तेवढ्यात शेजारचे पांडुरंग, तेही धोंड, हाक मारत आले. “गुरुदासा, तळयेर न्हावपाक येता मरे?”

गौरवीला वाटलं, आता गावभर बोभाटा होणार!

“तूं वच फुडें,” गुरुदास म्हणाले. “म्हजो गुडघो सुजला. औंदां जमचें ना.”

पांडुरंग हळहळत निघून गेले. गुरुदास ठणठणीत पायांनी पायरी चढले आणि सुनेजवळ थांबले.

“हळद तापय गो,” ते हळूच म्हणाले. “गुडघ्याक लावया. लोक विचारपूस करपाक येतले.”