दुसरी बादली

मेकॅनिकने स्टुलावर चढून गिझरच्या तळाचं झाकण काढलं, तसं उरलंसुरलं तांबूस पाणी भळाभळा घमेल्यात पडलं. पाठोपाठ खडूसारखे पांढरे खडे.

"काका, हा गिझर आहे की चुन्याची खाण?"

काका फरशी पुसायचं फडकं घेऊन दारात उभे होते. आयुष्यभर कचेरीत पुलांचे नकाशे काढले. घरातलं काय कुठे असतं ते मात्र ताईलाच ठाऊक. भाऊ-बहीण दोघंही बिनलग्नाची राहिली. ताई गेल्याला आठ महिने झाले होते. गिझर गळायला लागला, तेव्हा मेकॅनिकचा नंबरही तिच्याच वहीत सापडला. आज बऱ्याच दिवसांनी घरात दुसऱ्या कुणाचा आवाज होता, म्हणून काका तिथून हलत नव्हते.

"वॉशर कुजलाय, म्हणून गळतंय. कॉइलही गेल्यात जमा. एका बादलीच्या वर गरम पाणी येत नसेल ना?"

"छे! मला रोज कढत पाणी असायचं."

"तुमची पहिली आंघोळ असेल." मेकॅनिक टाकी खरवडत सहज म्हणाला. "ताईंनी दोन वर्षांपूर्वी दाखवला होता मला. म्हटलं, उघडला तर कॉइल येईपर्यंत चार दिवस बंद राहील. तर म्हणाल्या, राहू दे, थंडीत भावाची छाती भरते. माझं काय, मला गारच बरं वाटतं."

काकांनी फडकं पिळलं. ते कोरडंच होतं.

"दोन हिवाळे," ते पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"काही नाही. चालू दे तुझं."

मेकॅनिकने या वेळी आधीच मागवून ठेवलेली नवी कॉइल पिशवीतून काढून बसवली, वॉशर बदलला, टाकी भरून बटण लावलं. पाणी तापेपर्यंत काकांनी चहा केला. दोघांनी तो प्यायला. मग मेकॅनिकने नळ सोडला. न्हाणीघरात वाफ दाटली. बादली भरली.

"झालं काका. करू बंद?"

"थांब."

काकांनी भरलेली बादली बाजूला सरकवली आणि दुसरी आणून नळाखाली ठेवली.

"एकट्या माणसाला एक पुरे की," मेकॅनिक हसून म्हणाला.

काका धारेखाली बोटं धरून उभे राहिले. दुसरी बादली काठोकाठ भरली, तरी पाणी कढतच होतं.