करंजी घाटातला बिबट्या

हे कोणी खरं मानणार नाही, मला माहीत आहे. मानू नका, माझं काही जात नाही. पण एकोणसत्तर वर्षांच्या माणसानं बिनगिअरच्या काळ्या सायकलवर एका दिवसात दोनशे किलोमीटर मारले, तेही करंजी घाट अंगावर घेऊन, असा दुसरा माणूस या जिल्ह्यात दाखवा, मी मिशी उतरवतो. मिशीची पैज मी आयुष्यात पुष्कळदा लावली आहे आणि मिशी अजून जागेवर आहे.

सोमवारी सकाळी आमच्या ओट्यावर मी हेच सांगायला बसलो, तेव्हा ऐकायला चार माणसं होती. एक फक्रुद्दीन, माझा लहानपणापासूनचा दोस्त. घोडेगावच्या बाजारात आम्ही दोघांनी मिळून जन्मभर बैलांची दलाली केली. दुसरा माझा मुलगा वैजनाथ, चौकटीला टेकून हाताची घडी घालून उभा. तिसरी त्याची पोरगी निकिता. ती नगरला कॉलेजात शिकते आणि तिथल्या सायकल क्लबात आहे. चौथी माझी बायको राहीबाई. ती सुपात बाजरी घेऊन पाखडत होती. ती माझं बोलणं ऐकते की नाही, हे मला लग्नापासून आजवर कळलेलं नाही.

आणि वेशीपाशी भंगारवाल्याचा टेम्पो आला होता. त्याचा भोंगा ओरडत होता, "पत्रा, लोखंड, प्लॅस्टिक, जुनी सायकल..." बाकीचं ठीक आहे, पण ते शेवटचं नाव आलं की मी माझा आवाज चढवत होतो.

त्याचं असं झालं. दिवाळीच्या आधी वैजनाथनं पत्र्याचं शेड आवरायला काढलं. फुटका ड्रम, पेरणीची गंजलेली पाभर, वाकडं घमेलं, आणि त्यांच्या शेजारी माझी सायकल.

मी म्हणालो, "चालती सायकल भंगारात घालतोस व्हय रे?"

"चालती? आण्णा, दोन वर्षं झाली, हिच्यावर कोंबड्या बसत्यात."

"कोंबड्या बसतात म्हणजे पक्की आहे. पडक्या वस्तूवर कोंबडी बसत नाही."

निकिता सुट्टीला आलेली होती. तिच्या क्लबाची दोनशे किलोमीटरची राईड ठरली होती. पहाटे नगरहून निघायचं, करंजी घाट उतरायचा, पाथर्डी, मोहटादेवी, पुढं बीडच्या शिवेपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं घाट चढून परत यायचं. साडेतेरा तासांत. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. फक्त वेळेत पोचायचं, आणि वाटेत कोणाची मदत घ्यायची नाही.

वैजनाथ हसला. म्हणाला, "मग जा की आण्णा निकीबरोबर. कुणाची मदत न घेता, वेळेत पुरी करा. सायकल तुमची. ऱ्हायली शेडात जन्मभर. नाही जमलं तर सोमवारी टेम्पोत."

तो थट्टेत बोलला. मी थट्टेत ऐकलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका जुन्या सायकलसाठी म्हाताऱ्यानं जीव का काढावा? अहो, माझी सगळी तरणी वर्षं त्या सायकलच्या सीटवर गेली. आणि सीटवर नाही तेव्हा कॅरिअरवर. घोडेगावचा बाजार शुक्रवारचा. आम्ही गुरुवारी दुपारीच निघायचो, मी आणि फक्रुद्दीन, एका सायकलवर. मिरी गावापर्यंत त्यानं मारायची, मिरीच्या पुढं मी. जो मागं बसेल त्यानं गाणं म्हणायचं, असा ठराव होता. फक्रुद्दीनचा आवाज असा की रस्त्याच्या कडेची गाढवं त्याला साथ द्यायची. दिवस मावळताना बाजारतळावर पोचलो की चहूकडून घुंगरमाळांचा आवाज, शेणाचा आणि ओल्या कडब्याचा वास, तीन दगडांच्या चुलींवर रटरटणारा चहा. सकाळी टॉवेलाखाली हात घालून बोटांनी भाव करायचे. तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा. मी त्या टॉवेलाखाली जेवढं खरं बोललो, तेवढं तोंडानं कधी बोललो नाही.

"हे मातर खरं हाय," फक्रुद्दीन म्हणाला.

तर रविवारी पहाटे मी नगरला उभा. भोवती तरणी पोरं, अंगाला चिकटलेले कपडे, एकेक सायकल करंगळीवर उचलावी अशी. एक पोरगा माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, दूध पलीकडच्या गल्लीत द्यायचं असेल." निकितानं त्याला सांगितलं की हे माझे आजोबा. मग त्यानं वाकून पायच धरले. हेल्मेटशिवाय सोडत नाहीत, आणि टोपीशिवाय मी घराबाहेर पडत नाही. म्हणून टोपीवर हेल्मेट घातलं. फोटो आहे, निकिताच्या मोबाईलमध्ये. निवडणुकीला उभा राहिलो तर तोच छापीन.

निकिता पहिल्या चढालाच पुढं गेली. मीच म्हणालो, जा बाई, माझ्यासाठी थांबू नको.

करंजी घाट उतरताना काय झालं, ते ऐका. माझ्या पुढं एस.टी. होती. माझा वेग असा की मी तिच्या बरोबरीला आलो. कंडक्टरनं खिडकीतून बघितलं, हात बाहेर काढला आणि मला तिकीट फाडून दिलं.

"पूर्ण का अर्धं?" वैजनाथनं विचारलं.

"ज्येष्ठ नागरिकाचं."

"आसाराम," फक्रुद्दीन म्हणाला, "तुज्या सायकलला ब्रेकच न्हाई. म्हणून तू एष्टीच्या बरुबर आलास. थांबता येईना म्हून."

मी गोष्ट पुढं दामटली.

तो रस्ता मी किती वेळा केला असेन! पण रविवारी मला तो ओळखू येईना. पूर्वी दोन्ही बाजूंनी चिंचा आणि वड होते. आम्ही अंतर झाडांनीच मोजायचो. तिसगाव किती लांब? भुताच्या चिंचेपासून सात वड. रुंदीकरणात झाडं गेली. आता पाटीवर आकडे लिहिलेत, पण आकड्याच्या सावलीला बसता येत नाही. भुताची चिंच जिथं होती तिथं मी अंदाजानं घंटी वाजवली. पूर्वी वाजवायचो, भुतानं वाट सोडावी म्हणून. रविवारी वाजवली ती आपली सवयीनं. मन जरा ओलं झालं. असो.

खरी अडचण झाली ती चहाची. शहरातल्या पोरांना या रस्त्यावर कोण ओळखतं? ती सरळ जातात. माझी तर प्रत्येक फाट्यावर सोयरीक. तिसगावात मुलीचे सासरे रस्त्यात आडवे झाले. "व्याही, हे कसलं मडकं घातलं डोक्यात? आन् चहा न घेता जाता?" व्याह्याच्या चहाला नाही म्हणता येतं का? पुढच्या दिवाळीला मुलीला माहेरी पाठवायचे नाहीत. प्यायलो. पाथर्डीच्या जीप स्टँडवर साडूचा मुलगा. प्यायलो. पुढच्या फाट्यावर ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं ट्रकची वाट बघत बसली होती. भांडीकुंडी, शेरडं, पोरंबाळं सगळं बाहेर. त्यातल्या एका म्हातारीनं मला आवाजावरून ओळखलं. तिच्या नवऱ्याला मी एकदा बैलजोडी घेऊन दिली होती. ती म्हणाली, "बैल लई गुणाचे निघाले, भाऊ. आता ते न्हाईत, आन् मालकबी न्हाईत." तिनं तीन दगड मांडून चहा केला. ट्रक आला तरी मला पुरा पिऊ दिला आणि मगच चढली. त्या चहाला वेळ गेला असं मी म्हणणार नाही.

पण एकूण वेळ गेलाच. बीडची शीव शिवून मी परत फिरलो तेव्हा ऊन कलतं होतं. समोरून वारा. पोरं केव्हाच पुढं गेलेली. पोटात नुसता चहा डुचमळत होता. परतीच्या वाटेवर कोणी हाक मारली की मी मान खाली घालून बहिरा झालो. दोन सोयरे त्यामुळं रुसलेत, ते वेगळं निस्तरायचं आहे.

घाटाच्या पायथ्याला आमची वस्ती. घरापुढून गेलो, पण उतरलो नाही. मदत घ्यायची नाही म्हणजे नाही. आमची ही दारात उभी होती. मी नुसती घंटी वाजवली.

राहीबाईच्या सुपाचा ताल जरा चुकला.

टेम्पो आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला होता. "जुनी सायकल..." वैजनाथनं तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आण्णा, बाकी ऱ्हाऊ द्या. घाटाचं सांगा. निकी, तू हुतीस का घाटात?"

"नाही, मी पुढं होते," निकिता म्हणाली. "पण आण्णा नगरला वेळेत आले, हे मी पाहिलंय. दहा मिनिटं राहिली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"वेळेचं न्हाई म्हणत मी. घाट एकट्यानं कसा चढले, ते सांगा. रिकामी सायकलबी तिथं पुढं सरकत न्हाई."

आता इथं गोष्ट अवघड वळणावर आली. मी घसा खाकरला.

"पहिल्या वळणाला," मी म्हणालो, "ऊन डोंगराआड गेलं होतं. मी पायडलवर उभा राहून मारत होतो. तेवढ्यात मागं, कॅरिअरपाशी, फूस... फूस... असा श्वास. गरम. मी म्हटलं, आसाराम, मागं बघू नको. बिबट्या आहे."

"आई शप्पथ!" निकिता म्हणाली.

"बिबट्यानं कॅरिअरवर पंजा टाकला. सायकल अशी सण्णकन पुढं गेली."

फक्रुद्दीननं डोकं खाजवलं. "थांब. बिबट्यानं पंजा टाकला, तर सायकल मागं वढंल. फुडं कशी जाईल?"

"भीतीनं."

"कुनाच्या? सायकलीच्या?"

"तुला सांगायचं का नाही? मी तिथं होतो की तू? प्रत्येक वळणाला तो पंजा टाकायचा आणि प्रत्येक वळणाला मी पुढं. पाय खाली टेकला नाही. टेकला असता तर आज हा ओटा मोकळा दिसला असता."

"बघितला का पर त्याला?"

"वास आला. मिश्रीचा."

"बिबट्या मिश्री लावतो?"

मी जरा अडखळलो. पण दलालीत जन्म गेलेला माणूस, बैल लंगडा निघाला तरी त्याची चाल कशी ऐटबाज आहे ते सांगणार. मी नेटानं पुढं रेटलं.

"म्हातारा होता रे. दाताचं दुखत असेल, लावत असेल. अंगानं चांगला भरलेला, गुडघे धरलेले, चालताना कुईं कुईं वाजणारे. आणि सारखा गुरगुरत होता. म्हणजे भुकेनं नाही. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत गुरगुरायची काहींना सवय असते ना, तसा."

सुपाचा आवाज थांबला.

टेम्पो आमच्या दारात येऊन उभा राहिला. भोंगा बंद झाला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "काय द्यायचं हाय का, मालक?"

वैजनाथ मला म्हणाला, "आण्णा, एकदाच विचारतो. घाटात पाय टेकला न्हाई? कुणाची मदत न्हाई?"

"त्या बिबट्याशिवाय घाटात चिटपाखरू नव्हतं," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. "आणि माथ्यावर मी मागं वळून पाहिलं, तर तो म्हातारडा दगडावर फतकल मारून बसला होता, धापा टाकत, जीभ हातभर—"

राहीबाईनं सूप आपटलं. बाजरी ओटाभर झाली.

"खोटं! साफ खोटं! कसला बिबट्या न् कसलं काय! मी हुते मागं! पहिल्याच वळणाला हे पाय टेकून बसले हुते कडंच्या दगडावर, आता सायकल जाती म्हून डोळं पुशीत. घंटीचा आवाज वळणावर बंद पडला म्हून मी पळत गेले. ह्यांना सीटवर बशिवलं आन् माथ्यापतुर ढकलत नेलं. निम्मा घाट तर हे गाणं म्हणत हुते! माजे गुडघे रातभर ठणकले, आन् मला म्हातारडा बिबट्या म्हणत्यात, चारचौघांत! जीभ हातभर म्हणं! आन् वैजू, तू काय टेम्पोकडं बघतोस? झाली मदत. मोडली तुजी शरत. घाल सायकल भंगारात. पर ती चढिवणारीबी तेवढीच जुनी हाय. आधी मला बशीव त्या टेम्पोत, मग सायकल ठेव माज्या मांडीवर. बघू कोन नेतंय ते!"