वेलबुट्टीआडची मुलगी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी टाईप आहे. छापखान्यात मोठाले मथळे छापायची लाकडात कोरलेली अक्षरं, तो मी. खरं सांगायचं तर मी नवा असतानाही जुनाच दिसायचो. कोरणाऱ्याने मुद्दामच मला पणजोबांच्या काळचं रूप दिलं होतं. प्रत्येक अक्षराच्या दांडीला वेल, वेलीला पानं आणि पोटात एक फूल!

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं, तेव्हा मी मलकापूरला तुळशीरामभाऊंच्या छापखान्यात आलो. नाटक असो, सर्कस असो की कुस्त्यांची दंगल, जाहिरातीवर मीच. मला पाहिलं की सायकलवाला एक पाय टेकून थांबायचा. फार कौतुक झालं हो माझं.

एका सकाळी कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारी कलाबाई धावत आली. तिची चार वर्षांची यमुना आदल्या संध्याकाळी स्टेशनाजवळून नाहीशी झाली होती.

"रडू नको बाई," तुळशीरामभाऊ म्हणाले, "माह्याजवळचा सगळ्यात देखणा टाईप लावतो."

आणि त्यांनी मायेने अख्खा कागद माझ्यातच जुळवला. 'मुलगी हरवली आहे.'

कागद भिंतीभिंतींवर लागले. स्टेशनाबाहेर तर ही गर्दी! मी फुलून गेलो.

"काय बे, कोणती नाटक कंपनी आली?"

"नाव तं झकास हाय. तिकीट कितीले?"

कलाबाई तिथेच उभी होती. "नाटक नाही हो बापा, माही पोरगी हाय थे!"

लोक चपापले. पण एका भिंतीपाशी ती सांगेल, बाकीच्या भिंतींपाशी कोण सांगणार? ती तशीच छापखान्यात परतली.

"भाऊ, ह्या फुलाइच्या मांगं माही पोरगी दिसत नाही कोनाले."

मला काढून भाऊंनी फळीवर ठेवलं आणि कोपऱ्यातला साधा, ठसठशीत टाईप उचलला. ना पान, ना फूल. खाली छापखान्याचा पत्ता घातलेले नवे कागद पॅसेंजर गाडीच्या गार्डाजवळ पुढच्या स्टेशनांसाठीही दिले.

फळीवरून मी तो ओला कागद पाहिला आणि थक्क झालो. 'मुलगी हरवली. वय चार. हिरवा परकर. हनुवटीवर व्रण.' मित्रांनो, त्यात अक्षरं दिसतच नव्हती. मुलगीच दिसत होती!

दुपारच्या गाडीने नांदुरा स्टेशनावरचा हमाल यमुनेला खांद्यावर घेऊन छापखान्यात आला. गाडीत चढून ती तिथवर गेली होती. कुणाची ते कळेना, म्हणून रात्री त्याच्याच घरी जेवून झोपली होती. कागद वाचताच तो निघाला.

कलाबाईने तिचे हात, पाय, डोकं चाचपून पाहिलं. "कुठी गेली होती वं?"

"आगगाडीत!" यमुना ऐटीत म्हणाली.

आईने तिला एक धपाटा घातला आणि मग जी पोटाशी धरली, ती सोडेचना. एवढी अक्षरं माझ्याजवळ, पण त्या मिठीसाठी त्यातलं एकही पुरेना.

मित्रांनो, लग्नपत्रिकेवर, जत्रेच्या फलकावर मला हौसेने लावा. वाळवीपासून जपा, शाई पुसून ठेवा. पण जिथे कुणाची आई वाट पाहत असेल, तिथे मला फळीवरच राहू द्या. मला मुळीच वाईट वाटणार नाही.