वरच्या तळ्याला, फोन न करता

सकाळी सहाला भेटायचं ठरलं होतं. बुर्गी गाडी घेऊन सहाला पाच कमी असताना वाहनतळावर पोहोचली, तर विर्गिल पाठीवर पिशवी लावून आधीच वाटेच्या पाटीला टेकून उभा. म्हणजे गावातून चालत आला होता.

"उशीर झाला," म्हातारा म्हणाला.

"बाबा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"चालत जा म्हणाले."

"सपाटीवर!"

"मग सपाटी लागेपर्यंत चालू," असं म्हणून तो निघालासुद्धा.

आज त्याला चौऱ्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. दर वाढदिवसाला वरच्या तळ्यावर जाऊन भाकरी खायची, हा त्याचा नेम पन्नास वर्षांचा. पण मार्चमध्ये हृदयात दोन स्टेंट बसले होते, आणि पायातून काढलेल्या काट्यासारखं ते तो विसरून गेला होता. तू आली नाहीस तर एकटा जाईन, ही धमकी. आलीस तर काहीही झालं तरी बचाव पथकाला फोन करायचा नाही, ही अट. चाळीस वर्षं तो त्या पथकात होता, त्यातली वीस प्रमुख म्हणून. कड्यावरून किती माणसं पाठीवर घालून खाली आणली याची गणती नव्हती.

"मीच तयार केलेली पोरं मला पोत्यासारखं बांधून नेणार, आणि संध्याकाळी खानावळीत बिअर पिताना त्याच्या गोष्टी रंगवणार?" तो म्हणाला होता. "त्यापेक्षा मेलेलं बरं."

तो एकटा जाऊ नये म्हणून बुर्गीने वचन दिलं. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

सूचिपर्णी झाडांतून वाट वर चढत होती. ती मुद्दाम मागे राहिली, म्हणजे त्याच्या मानेचा रंग दिसेल. मान लाल होती. लाल चांगली की वाईट, हे तिने डॉक्टरांना विचारलंच नव्हतं, आणि आता तेच डोक्यात घोळत राहिलं. दर दहा मिनिटांनी ती घड्याळ बघे, मग ढग बघे, मग पुन्हा मान. समोरून येणारे लोक नमस्कार करत. विर्गिल प्रत्येकाला मोठ्याने उत्तर देई आणि ते वळणाआड गेले की थांबून धापा टाके.

"काय झालं?"

"फुलं बघतोय."

आयुष्यात या माणसाने एका फुलाकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. आई फुलं दाखवायची तेव्हा हा दोर तपासत बसायचा. आज मात्र दर पन्नास पावलांवर त्याला निळं, पिवळं, काही ना काही बघायचं होतं. गाई चरत होत्या त्या कुरणापाशी तर तो शेणाशेजारच्या गवताकडेही फार जिज्ञासेने बघू लागला. बुर्गीला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं.

"बाबा, इथेच बसून खाऊ. छान आहे."

"भाकरी तळ्यावर."

"कोण बघतंय?"

"मी बघतोय," तो म्हणाला आणि दगडांची चढण चढू लागला.

अकराच्या सुमाराला ते तळ्यावर पोहोचले. पाणी काळंशार, पलीकडच्या काठाला जुलैतही बर्फाचा एक मळकट पट्टा. विर्गिल एका दगडावर बसला. त्याने भाकरी काढली नाही. खिशातला चाकू काढला नाही, धुरी दिलेल्या मांसाचा तुकडा काढला नाही, नुसता पाण्याकडे बघत डावा दंड चोळत राहिला. कपाळावर घाम होता आणि वारा तर हाडं गोठवणारा.

"दुखतंय?"

"कालचं चीज बाधलंय."

"चीज हातात जाऊन बसलंय का? गोळी कुठाय?"

"घरी."

त्या क्षणी तिला त्याचा गळा दाबावासा वाटला. तिने फोन काढला.

"वचन," तो म्हणाला.

"वचन गेलं खड्ड्यात!"

"इथे रेंज येत नाही," म्हातारा समाधानाने म्हणाला. खरंच येत नव्हती.

रेंज खाली कुरणाशी, म्हणजे धावत गेलं तरी पाऊण तास. तेवढा वेळ याला एकटा सोडायचा? ती चार पावलं खाली गेली, परत आली, पुन्हा गेली. त्याचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते.

आणि डोंगराच्या धारेमागून घरघर ऐकू आली. पलीकडच्या विश्रांतिगृहाला बटाटे आणि बिअरची पिंपं टाकून हेलिकॉप्टर रिकामं परतत होतं. चालवणारा गेबहार्ड, विर्गिलच्या हाताखाली तयार झालेला. काठावर दोन माणसं दिसताच तो वळला.

डोंगरात याची खूण एकच. दोन्ही हात वर म्हणजे मदत हवी. एक वर, एक खाली म्हणजे नको, पुढे जा. या खोऱ्यातल्या प्रत्येक पोराला ती विर्गिलनेच शिकवली होती, बुर्गीला तर शाळेआधी.

विर्गिल दगडाला धरून उठला, ताठ झाला, आणि उजवा हात वर केला. डावा खालीच ठेवला. नको, पुढे जा.

बुर्गीने दोन्ही हात वर केले.

हेलिकॉप्टर तिथेच हवेत लटकलं. गेबहार्ड कुणाचं मानणार हे तिला ठाऊक होतं. ज्याने शिकवलं त्याचं. ती धावत जाऊन बापाच्या पुढ्यात उभी राहिली, तो वरून दिसूच नये इतकी जवळ, आणि पुन्हा हात वर केले.

"माझ्याशी जन्मभर अबोला धरा!" ती मागे न बघता ओरडली. "पण तो खाली जाऊन धरा, जिवंत राहून धरा!"

वाऱ्याने तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं, आणि वळून बघायची हिंमत नव्हती. मग तिच्या पाठीवर ओझं आलं. त्याने कपाळ टेकलं होतं.

"कोपरं सरळ कर, बुर्गी," तो तिच्या कानाशी म्हणाला. "असे वाकडे हात बघून कुणी खाली उतरत नाही."

तिने कोपरं सरळ केली.