कालिंदीबाईंच्या पाठीवरची जाळी

मी एक जुनी शेकायची पिशवी आहे. रबराची, विटकरी रंगाची, अंगावर आडव्या रेघा असलेली. सध्या माझा मुक्काम कोलकात्यात, गार्डन रीचच्या एका रेल्वे क्वार्टरच्या माळ्यावर आहे. माझं रबर चिकट झालंय आणि मानेपाशी भेग पडली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंना आपलं कौतुक सांगायची हौस असते. मलाही आहे, नाही कशाला म्हणू? पण आज मला तुमच्यापुढे एक अपराध कबूल करायचा आहे.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून काढल्यावर माझ्या पोटात हवा भरून मला पाण्यात बुडवलं होतं. एकही बुडबुडा आला नाही, म्हणून मी पास झाले. पुढे सोलापूरच्या एका औषधाच्या दुकानात वर्षभर खिळ्याला टांगून होते. तिथून मला जयप्रकाशरावांनी घरी आणलं. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यात इंजिनिअर. बदलीचं सामान बांधताना त्यांच्या बायकोने, कालिंदीबाईंनी, भांड्यांची ट्रंक एकटीने उचलली होती आणि त्या जागीच बसल्या होत्या. मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेली होती.

ते माझे सुखाचे दिवस. कालिंदीबाई मला कंबरेखाली घेऊन पडायच्या आणि दहा मिनिटांत त्यांचा चेहरा सैल व्हायचा. आल्यागेल्याला त्या माझं नाव सांगायच्या, ही नसती तर मी उठलेच नसते म्हणायच्या. मी फुगून जायचे. पाण्याने फुगायचे ते वेगळं.

चार-सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढला, तेव्हा नस मोकळी झालेली दिसली. जयप्रकाशरावांनी पेढे आणले. दुखणं मात्र गेलं नाही. सकाळी उठताना, भाजी चिरताना, नुसतं उभं राहताना ते होतंच. त्यानंतर बदल्यांमागून बदल्या, बिलासपूर झालं, चक्रधरपूर झालं, मग कोलकाता. गाव बदललं की डॉक्टर बदलायचा आणि कालिंदीबाई पहिल्यापासून सगळं सांगायला बसायच्या. जयप्रकाशराव वाईट नव्हते हो. प्रत्येक डॉक्टरकडे रजा काढून तेच घेऊन जायचे. त्यांनी एक जाड फाइल केली होती, तारीखवार. पण त्यांचा विश्वास त्या फाइलवर होता. घरी आल्यावर ते म्हणायचे, रिपोर्ट नॉर्मल आहे, तू मनातून काढून टाक.

आता कालिंदीबाईंची चूक सांगते. डॉक्टरकडे जायचं म्हणजे त्यांच्या लेखी चार माणसांत जायचं. त्या केस नीट घालायच्या, इस्त्रीची साडी नेसायच्या आणि जिने चढता यावेत, कोणासमोर कण्हायला नको, म्हणून निघताना दुखण्यावरची गोळी घ्यायच्या. डॉक्टरांनी विचारलं, कसं आहे, की हसून म्हणायच्या, तसं बरंय. समोरच्या डॉक्टरांना हसरी, ताठ बसलेली बाई दिसायची आणि हातात स्वच्छ रिपोर्ट. ते तरी काय लिहिणार? टॅक्सीतून परत येताना गोळी उतरायची आणि मग त्यांना मी लागायचे.

कोलकात्यातल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवालाही तसंच झालं. तिथे त्या तासभर हसून बोलल्या आणि पुढचे दोन दिवस झोपून होत्या. त्यांना न्यायला गेलेले जयप्रकाशराव म्हणाले, तिथे तर छान दिसत होतीस. त्या दिवसापासून कालिंदीबाईंनी दुखतंय हा शब्दच टाकला. दुपारी घर रिकामं झालं की मला उकळत्या पाण्याने भरायच्या, टॉवेलही न गुंडाळता उघड्या पाठीला लावायच्या आणि दोन-दोन तास हलायच्या नाहीत. मी कोमट झाले की पुन्हा भरायच्या. मला वाटायचं, मी सेवा करते आहे. काय करत होते, ते मला फार उशिरा कळलं.

त्यांची मुलगी आभा अकरावीत होती. जन्मापासून बदल्यांत वाढलेली, मराठी अडखळत बोलणारी, पण डोळे उघडे असलेली. आईला ओट्याला धरून उभं पाहिलं आणि तिनेच एस्प्लनेडजवळच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. या डॉ. नूपुर जुनाट वेदनांवरच उपचार करतात. निघायच्या वेळी कालिंदीबाईंनी गोळ्यांची पट्टी काढली, तर आभाने ती हातातून घेतली.

“आई, आज गोळी नको खाऊ. तू नेहमी ठीक होऊन जातेस. डॉक्टरला खरं दिसायला पाहिजे ना.”

खिदिरपूरच्या खड्ड्यांतून टॅक्सी गेली तेव्हा मी कालिंदीबाईंच्या पाठीशी होते, शालीत गुंडाळलेली. त्यांनी पदर दातात धरला होता. दवाखान्यात त्यांना खुर्चीवर बसवेना. भिंतीला टेकून त्या उभ्याच राहिल्या. जयप्रकाशरावांना अवघडल्यासारखं झालं. त्यांनी फाइल उघडून सवयीने सांगायला सुरुवात केली, कोणत्या साली काय निघालं, काय निघालं नाही. डॉक्टरांनी शांतपणे फाइल मिटून बाजूला ठेवली.

“दादा, आज थोडा दीदी को बोलने दीजिए.”

कालिंदीबाई नुसता पदर सारखा करू लागल्या. इतक्या वर्षांत त्यांना कोणी एवढी जागा दिली नव्हती. मग डॉक्टरांनी पाठ पाहायची म्हणून ब्लाउज थोडा वर करायला सांगितला. त्या नको नको म्हणत होत्या. शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

कंबरेपासून वर, बरोबर माझ्या आकाराची, चहाच्या डागासारखी तपकिरी जाळी त्यांच्या कातडीवर उमटली होती. सतत उष्णता लागून पडते तशी. ती मी केली होती. आभा रडायला लागली. जयप्रकाशरावांना प्रत्येक रिपोर्टची तारीख पाठ होती, पण बायकोची पाठ त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. ते उभे राहिले आणि पुन्हा बसले.

पाठीवरून पदर घेत कालिंदीबाई म्हणाल्या, “डॉक्टर, मला बरं नाही केलंत तरी चालेल. ह्यांना एवढंच सांगा, की मी खोटं बोलत नाही.”

त्या हे मराठीतच बोलल्या. आभाने हिंदीत सांगितलं, अर्ध्यात थांबत.

डॉक्टरांनी मग समजावलं. जखम कधीच भरली, म्हणून फोटो स्वच्छ. पण इतके दिवस धोक्याची खूण देता देता नसांना आणि मेंदूला तीच सवय लागते. धोका टळला तरी खूण थांबत नाही. वेदना खरी असते, फक्त एमआरआयच्या फोटोत ती दिसत नाही. जयप्रकाशरावांनी बाजूची फाइल मांडीवर ओढली. मग हळूच म्हणाले, “म्हणजे रूळ मोकळा, पण सिग्नल लालच.” डॉक्टरांनी विचारलं, तुमच्याकडे असं झालं तर काय करता?

“गाडी थांबते,” ते म्हणाले. “सिग्नल बिघडलेला असला तरी थांबते. ड्रायव्हरला कोणी खोटारडा म्हणत नाही.” आणि ते कालिंदीबाईंकडे वळले.

डॉक्टरांनी पूर्ण बरं करण्याचं वचन दिलं नाही. नसा शांत करणारं औषध, रोज थोडं थोडं वाढवायचं चालणं, वेळेवर झोप आणि वेदना मोजून वहीत लिहिणं, असं सगळं मिळून दुखणं थोडं मागे सरेल, म्हणाल्या. हे आधीच सुरू झालं असतं तर सोपं गेलं असतं, हेही त्यांनी लपवलं नाही. आणि मला बंद करायला सांगितलं.

घरी आल्यावर जयप्रकाशराव तडक स्वयंपाकघरात गेले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी भरलं नव्हतं. काठोकाठ पाणी ओतलं, हवा काढायची विसरले, बोटं भाजून घेतली. मला दोन्ही हातांत धरून ते आत आले, तेव्हा कालिंदीबाई कुशीवर पडल्या होत्या.

“अहो, डॉक्टरांनी बंद केलीय ना,” त्या म्हणाल्या.

ते तसेच उभे राहिले. मग पलंगाच्या कडेला बसले आणि मला स्वतःच्या मांडीवर ठेवलं. “आत्ता दुखतंय?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. कालिंदीबाई हो म्हणाल्या. माझ्यातलं पाणी गार होईपर्यंत ते तिथेच बसून होते.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. कालिंदीबाई आता संध्याकाळी नदीच्या बाजूला वीस मिनिटं चालून येतात. जाळी फिकी झाली आहे, गेलेली नाही. दुखणंही गेलेलं नाही. मध्ये गेलेली वर्षं तर कुठल्याच उपचाराने परत यायची नाहीत, आणि माळ्यावर पडल्या पडल्या सर्वात जास्त तेच माझ्या मनाला लागतं.

मित्रांनो, मी वस्तू आहे. मी त्या पाठीला चिकटून असायचे, म्हणून तिथे काय करते आहे ते मला दिसलं नाही. तुम्हाला डोळे आहेत. तुमच्या घरात कोणी दुखतंय म्हणालं, तर आधी त्याच्याजवळ बसा. कागद नंतर बघा.