दार उघडणारीचा गुन्हा

आमच्या ग्रिम्सबीत, इंग्लंडातल्या या बंदराच्या गावात, दारावर आलेल्याला पावसात उभं ठेवायची रीत नाही. हीच रीत हॅलम मायलेकींना भोवली.

लॉरेन न्हाणीघरात आईचे कपडे पिळत होती. नवरा कीथ मासळीच्या कारखान्यात गेला होता. तिच्या आईचं, विनी म्हातारीचं, डोकं ठिकाणावर नसे. मेलेल्या नवऱ्याला हाका मारत रस्त्यावर धावायची. टीव्हीवर बागकामाचा कार्यक्रम लागला, की मात्र गप बसायची. त्या दिवशी दार वाजलं आणि तिनेच उघडलं.

"ये रे राजा, भिजलास की! चहा घे."

टीव्हीचं लायसन्स तपासणारा माणूस आत आला. "टीव्ही बघता वाटतं, आजी?"

"रोज! एक दिवस चुकवत नाही," म्हातारी तोऱ्यात म्हणाली.

आमच्याकडे टीव्ही बघायचा तर लायसन्स लागतं; त्याच पैशावर देशाची वाहिनी चालते. राजवाडा असो की खुराडं, पट्टी एकच! म्हातारीची खोली उबदार ठेवताना हॅलमांचे लायसन्सचे हप्ते थकले होते. लॉरेन धावत आली.

"टीव्ही कीथचा आहे हो!"

"घरात जो भेटेल त्याचंच नाव खटल्यासाठी लिहितो, बाई. आजींचं लिहू?"

"तिला काय कळतंय? माझं लिहा."

घाबरून कीथने टीव्ही भावाकडे नेऊन टाकला. म्हातारी भिंतीला विचारायची, "बागवाला कुठे गेला गं?" एका सकाळी लॉरेनचा डोळा लागला आणि म्हातारी सपाता घालून बागवाल्याला शोधायला निघाली. गोदीत सापडली, गारठून निपचित. त्याच आठवड्यात गेली बिचारी.

कोर्टाचं पत्र आलं: टपालाने कबुली द्या, यायची गरज नाही. तरी लॉरेन कोर्टात गेलीच.

"कायदा सगळ्यांना सारखा," दंडाधिकारी म्हणाले.

"सारखा? मग तुमच्यापुढे बायकाच जास्त का येतात, साहेब? दिवसा घरात आम्ही असतो, दार आम्ही उघडतो, म्हणून! टीव्ही साऱ्या देशाचा ना? मग ऐपत बघून करातून घ्या. दारोदार माणसं कशाला धाडता?"

दंड झालाच. जळो मेला तो कायदा!

संध्याकाळी मी शेजारधर्म म्हणून कालवण घेऊन गेले. पाऊस होता. दार वाजवलं. आत पावलं वाजली, दाराशी थांबली.

"कोण आहे?" लॉरेनने आतूनच विचारलं.

आमच्या गल्लीत असं याआधी कुणी विचारलं नव्हतं.