फळ्या कोण उचलणार

ट्रेलर घ्यायचं ठरलं ते बायकोने बोलणं सोडलं म्हणून. भांडली असती तर पैलवानाने नेहमीसारखं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं असतं. पण ती गप्प बसली, आणि गप्प बायकोपुढे भल्याभल्यांचं काही चालत नाही.

दोघांचं काम म्हणजे लोकांची शेतं भाड्याने नांगरून द्यायची. पैलवान ट्रॅक्टर हाकायचा, ती मागून ट्रक चालवायची. नांगर, डिझेलचे डबे, जेवणाची पिशवी, सगळं ट्रकमध्ये. शेत लांब असलं की ट्रॅक्टर आपला रमतगमत पुढे आणि त्याच्या पाठीला चिकटून तिचा ट्रक, दिवे लुकलुकत, म्हणजे मागून भरधाव येणारं कुणी ट्रॅक्टरवर आदळू नये. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, शिव्या घालायचे. त्या शिव्या सगळ्या तिच्या वाट्याला, कारण पैलवानाला इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नसे. निम्मा संसार तिने नवऱ्याची पाठ बघत केला होता. एके काळी ती पाठ दाराएवढी रुंद होती. आता तिच्यावर शर्ट ढगळ व्हायचा.

गेल्या कामाला जाताना ती पाठ एकाएकी एका बाजूला कलली आणि ट्रॅक्टर रस्ता सोडून खड्ड्याकडे निघाला. तिने हॉर्न दाबून धरला, तेव्हा कुठे तो दचकून सावरला. "डुलकी लागली जरा," तो नंतर म्हणाला, जशी काही बसमध्ये खिडकीशी बसून लागली होती. त्या दिवसापासून तिने तोंडाला कुलूप लावलं. ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवायचा, ट्रेलर ट्रकला जोडायचा आणि त्याने मुकाट तिच्या शेजारी येऊन बसायचं, एवढंच तिला हवं होतं. त्याने रस्त्यावर मरू नये, यापलीकडे तिचं काही मागणं नव्हतं.

तर असे दोघं ट्रेलर विकणाऱ्याच्या यार्डात येऊन पोचले, तेही त्याच वरातीने, ट्रॅक्टर पुढे आणि ट्रक मागे. चढवून बघितल्याशिवाय ट्रेलर घ्यायचा नाही, असं पैलवानाचं म्हणणं. उतरताना त्याने स्टिअरिंगला धरून जरा वेळ काढला, मग पाय जमिनीला लावला.

यार्डवाला बोलघेवडा होता. "या पैलवान, या वहिनी! आज काय, जोडीने?"

"आम्ही रोजच जोडीने असतो," ती म्हणाली. "फक्त हे पुढे आणि मी मागे."

यार्डवाल्याने आधी चाकांची एकच जोडी असलेला छोटा ट्रेलर दाखवला. कंपनीच्या पुस्तकात ट्रॅक्टरचं जे वजन दिलं आहे, ते हा हसत पेलेल, म्हणाला. पैलवानाने मान डोलावली. छोटा म्हणजे लवकर सुटका, आणि सुटका झाली की घरी.

"मागच्या टायरांत पाणी आहे," ती म्हणाली.

ओल्या रानात चाकं घसरू नयेत म्हणून मागच्या टायरांत पाणी भरून ट्रॅक्टर जड केलेला होता. नळी धरून सगळी दुपार तीच उभी होती, त्यामुळे तिला विसरणं शक्य नव्हतं. पैलवान मात्र विसरला होता. हल्ली तो बरंच विसरायचा आणि विसरलो हे कबूल करायलाही विसरायचा.

"मग हा नको," यार्डवाला म्हणाला. "अर्ध्या वाटेत बसकण मारेल."

राहिले दोन. दोघांनाही चाकांच्या दोन-दोन जोड्या. एकाला मागे दोन सुट्या लोखंडी फळ्या होत्या. त्या उचलून अडकवायच्या, त्यांवरून ट्रॅक्टर चढवायचा आणि पुन्हा उचलून जागेवर ठेवायच्या. दुसऱ्याला फळ्याच नव्हत्या. त्याचा अख्खा तळ मागे कलून जमिनीला टेकायचा, आणि ट्रॅक्टर वर गेला की त्याच्याच वजनाने आपोआप सरळ व्हायचा.

"हे म्हाताऱ्यांचं खेळणं आहे," दुसऱ्याकडे न बघताच पैलवान म्हणाला. "फळ्यांचा मजबूत. तोच घेऊ."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते काही उगाच नाही. पैलवानाने बाह्या सारल्या आणि पहिली फळी उचलली. चेहरा तांबडा झाला, मानेची शीर फुगली, पण फळी धाडकन जागेवर बसली. दुसरी गुडघ्यापर्यंत आली. तिथून ती खाली टेकली, आणि पैलवान खाली वाकून ट्रेलरचं चाक निरखायला लागला.

"टायर बरे दिसतात," तो म्हणाला. बराच वेळ त्याने टायर दाबून पाहिले.

तिला हे सोंग ठाऊक होतं. हल्ली दम लागला की पैलवानाला तपासण्या सुचायच्या. जिना चढताना मध्येच कठडा हलवून बघायचा. बाजारातून पिशवी आणताना लोकांच्या कुंपणांवर टीका करत उभा राहायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि ती मूठ उघडली जाऊ नये म्हणून तीही कधी काही बोलली नव्हती.

आता "तुम्हाला झेपत नाही" म्हटलं असतं, तर तो इरेला पेटला असता. दुसरी फळी उचलून, छातीत कळ येवो नाहीतर काही होवो, हाच ट्रेलर घेतला असता. नाहीतर काहीच न घेता ट्रॅक्टरवर बसून घरी निघाला असता. खरं सांगायचं तर तिला आता युक्त्या लढवायचाही कंटाळा आला होता. मुलांना वाढवताना युक्त्या, सासू सांभाळताना युक्त्या, आणि आता म्हातारपणी नवऱ्यालाही लहान पोरासारखं गोंजारायचं. कुठेतरी जमिनीवर फतकल मारून बसावं आणि उठूच नये, असं तिला वाटलं.

पण ती पुढे झाली. "सरका," म्हणाली आणि फळीच्या कडेला हात घातला.

फळी उठत होती. तिला ते लगेच कळलं. जड होती, पण खताच्या पोत्याहून जास्त नाही, आणि खताची पोती तिने त्याच आठवड्यात ट्रकमधून उतरवली होती. पैलवान तेव्हा कठडा तपासत होता. तिने फळी वीतभर उचलली आणि सोडून दिली.

"छे बाई! मला नाही झेपायचं हे."

"तुला कोण सांगतंय उचलायला?" पैलवान म्हणाला.

"मग कोण उचलणार? तुम्ही ट्रॅक्टरवर बसणार. खाली फळ्या लावायला आहे कोण? मीच ना? रोज चार-चार वेळा?"

"वहिनींचं बरोबर आहे," यार्डवाला म्हणाला. "बाईमाणसाला जरा जडच जातं."

पैलवान बायकोकडे बघत राहिला. खताची पोती उतरवताना त्यानेही तिला पाहिलं होतं. तिने नजर फळीवरच ठेवली आणि उगाच तळहात चोळले. यार्डवाल्याने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"तिला झेपत नाही म्हणते," शेवटी पैलवान म्हणाला. "तो कलणारा दाखवा."

ट्रॅक्टर चढवायला काही कष्ट पडले नाहीत. चाकं वर गेली, तळ हळूच सरळ झाला. "अजून थोडा पुढे घ्या," यार्डवाला ओरडला. "भार जरा पुढेच हवा, नाहीतर रस्त्यात शेपटी डोलते." पैलवानाने मुकाट ऐकलं. चारी कोपऱ्यांना साखळ्या आवळल्या, ट्रेलर ट्रकला जोडला, आणि तो ट्रकमध्ये शेजारच्या जागेवर येऊन बसला. हातांचं काय करावं ते त्याला समजेना. शेवटी त्याने जेवणाची पिशवी मांडीवर घेतली.

ट्रक घराच्या वाटेला लागला. मागे कुणी हॉर्न वाजवत नव्हतं.

"तुला उचलत होती ती फळी," पैलवान म्हणाला.

तिने गिअर बदलला. "तुम्हीही एक उचललीत की."

"एकच." तो खिडकीबाहेर बघत होता. "दुसरी नाही उचलली गं. आता नाही उचलत मला काही."

हे एक वाक्य ऐकायला तिने किती दिवस वाट पाहिली होती. ऐकलं की सुटल्यासारखं वाटेल, अशी तिची समजूत होती. पण तसं काही झालं नाही. बढाया मारणारा, म्हाताऱ्यांचं खेळणं म्हणून नाक मुरडणारा माणूस तिला सांभाळता येत होता. हा जो शेजारी पिशवी धरून बसला होता, त्याच्याशी कसं वागायचं हे तिला माहीत नव्हतं, आणि तिला भीती वाटली.

"अहो," ती म्हणाली, "मगाशी ते टायर बघत होतात. खरंच बरे आहेत का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो जरा सावरून बसला.

"मागचा डावा थोडा बघावा लागेल," तो म्हणाला, आणि घर येईपर्यंत टायरांबद्दलच बोलत राहिला.